रस्टमध्ये रेडपासून राखण विकत घ्यावी का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ, वर्धा, अमरावतीकडच्या खेड्यापाड्यांतली जी पोरं रस्ट (बेस, म्हणजे तळ, बांधायचा आणि दुसऱ्यांच्या रेडपासून, म्हणजे फोडून लुटण्यापासून, सांभाळायचा असा ऑनलाइन खेळ) खेळतात, त्यांच्याकडून हे प्रश्न आमच्याकडे सारखे येतात. बहुतेकांची परिस्थिती सारखीच असते. घरात एक लॅपटॉप, नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, आणि खेळायला वेळ फक्त रात्री जेवणं झाल्यावर. मोठ्या क्लॅनची, म्हणजे खेळाडूंच्या टोळीची, पोरं मात्र आळीपाळीनं चोवीस तास सर्व्हरवर असतात. म्हणून राखणीचा प्रश्न आपल्याला जास्त पडतो. रेडच्या खर्चाचे आकडे अपडेटनुसार बदलतात, तेवढे ताजे तपासून घ्या.

१. राखण विकत घेणं म्हणजे नेमकं काय?

तुम्ही एखाद्या बलवान क्लॅनला ठरावीक माल देता, बहुधा सल्फर (दारूगोळ्यासाठीचं गंधक), स्क्रॅप (भंगार) किंवा मेटल. बदल्यात ते दोन गोष्टी कबूल करतात: आम्ही तुझा बेस फोडणार नाही, आणि दुसरा कुणी फोडायला आला तर धावून येऊ. पहिली गोष्ट पाळणं सोपं आहे, कारण त्यात काही करायचंच नसतं. दुसरीसाठी रात्री दोन वाजता उठून स्वतःची हत्यारं पणाला लावावी लागतात. मोल ठरवायचं ते दुसऱ्या गोष्टीचं.

२. बाजूचा क्लॅन म्हणून राहिला, "सल्फर दे, नाहीतर बेस उडवतो." ही राखणच झाली ना भाऊ?

नाही, ही खंडणी झाली. शेतात जागलीला ठेवलेला माणूस रात्रभर रानडुकरं हाकलतो, म्हणून त्याला मजुरी. इथं मागणाराच पीक तुडवणारा आहे, आणि तिसऱ्यापासून तुम्हाला वाचवण्याबद्दल तो चकार शब्द काढत नाही.

धमकी आली की आधी तिचा अंदाज घ्या. त्यांच्याकडे रॉकेट किंवा सी-फोर अशी स्फोटकं आहेत का, की नुसतेच बोलून राहिले? दारावर आवाज करून घाबरवणारे पुष्कळ असतात. खरंच दारूगोळा दिसला आणि तुमच्या पेट्या भरलेल्या असतील, तर एकदा थोडं देऊन एका रात्रीची उसंत मिळवण्यात काही कमीपणा नाही. त्या रात्रीत माल दुसरीकडे हलवा. तोच क्लॅन दुसऱ्यांदा मागायला आला तर देऊ नका, कारण ज्याला दर आठवड्याला मिळतं तो दर आठवड्याला येतो.

३. असा सौदा केला तर बॅन होईल का?

साध्या सर्व्हरवर नाही. रस्ट डिसेंबर २०१३ मध्ये अर्ली अॅक्सेसमध्ये आला आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये पूर्ण रूपात. तह, वचन, फितुरी हे सगळं खेळ बनवणाऱ्या फेसपंच स्टुडिओजनं पहिल्यापासून खेळाडूंवरच सोडलेलं आहे. बॅन होतो तो चीट वापरल्याबद्दल.

एक अपवाद मात्र नीट लक्षात घ्या. सोलो, ड्युओ, ट्रायो (एक, दोन, तीन जणांचे) असे जे मर्यादेचे सर्व्हर असतात, तिथं ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त जणांनी एकमेकांना मदत करणं हाच नियमभंग धरला जातो. ट्रायो सर्व्हरवर तुम्ही तिघं आणि तुमचे राखणदार तिघं मिळून लढलात, तर अॅडमिनच्या लेखी तुम्ही सहा जण झालात. तिथं राखण घेऊच नका.

४. मी एकटाच खेळतो. मला राखण परवडते का?

बहुतेक वेळा गरजच नसते. हिशेब बघा. एका रॉकेटला १४०० सल्फर लागतं, एका सी-फोरला २२००, एका सॅचेलला (स्फोटकांच्या पिशवीला) ४८०. पत्र्याचं दार, म्हणजे शीट मेटल डोअर, २ रॉकेटमध्ये किंवा ४ सॅचेलमध्ये उडतं. गॅरेज डोअरला ३ रॉकेट लागतात, म्हणजे ४२०० सल्फर. आणि हे गॅरेज डोअर तुम्हाला पडतं केवढ्याला? ३०० मेटल फ्रॅगमेंट आणि २ गिअर.

सल्फरच्या एका गोट्यातून ३०० कच्चं सल्फर निघतं. म्हणजे तुमचं एक गॅरेज डोअर फोडायला समोरच्याला १४ गोटे फोडून, भट्टीत गाळून, कोळसा जमवून बंदुकीची दारू करावी लागते. असे तीन दरवाजे एकामागे एक लावले की रॉकेटनं पेटीपर्यंत पोचायला १२,६०० सल्फर खर्चावं लागतं. एकट्याच्या पेटीत तेवढा माल क्वचितच असतो, आणि हे रेडरला तुमच्यापेक्षा चांगलं कळतं.

म्हणून जो सोलो दर आठवड्याला हजार सल्फर राखणीला देतो, त्याला मी आधी दरवाजे वाढवायला सांगतो. दरवाज्याला दर आठवड्याची चौथ द्यावी लागत नाही. भिंतीचंही तसंच. दगडी भिंतीला ४ रॉकेट, तीच मेटलची केली तर ८.

राखण खरी लागते ती दोन वेळा: पेटीत खरोखर मोठा माल असेल तेव्हा, आणि बरेच दिवस सर्व्हरवर येता येणार नसेल तेव्हा. दुसऱ्याबद्दल प्रश्न ९ पाहा.

५. द्यायचंच ठरलं तर किती? सगळे "चौथ" म्हणतात, म्हणजे चौथा हिस्सा द्यायचा का?

खणलेल्या मालाचा चौथा हिस्सा फार झाला. मोजायचं ते तुमच्या उत्पन्नावर नाही, तुमचा बेस फोडायला येणाऱ्या खर्चावर. प्रश्न ४ प्रमाणे तो आकडा काढा. आठवड्याची राखण त्याच्या दहाव्या हिश्शाच्या वर गेली, तर त्याच मालाच्या भिंती आणि दारं करणं बरं, असा माझा ढोबळ नियम आहे. १२,६०० चा बेस असेल तर १२६० सल्फर ही वरची हद्द. नव्या पोराकडून पाच-पाच हजार मागणारे क्लॅन आहेत. त्यांना सरळ नाही म्हणा.

६. माल आधी द्यायचा की नंतर?

थोडा-थोडा, आणि काळ उलटल्यावर. गेमच्या आत करार मोडणाऱ्याला कुणी शिक्षा करत नाही. ना अॅडमिन, ना पंचायत. राखणदार शब्द पाळतो तो एकाच कारणानं: पाळला नाही तर त्याचं काहीतरी बुडणार असतं. सगळा माल एकदम दिलात की त्याचं बुडायला काही उरत नाही.

दर दोन दिवसांनी देणं सगळ्यांत चांगलं. दोन दिवस बेस उभा राहिला की त्या दोन दिवसांचं द्यायचं.

याहून पक्की पद्धत म्हणजे अनामत. राखणदारानं त्याचा थोडा माल, समजा दोन रॉकेट, तिसऱ्या शेजाऱ्याकडे ठेवायचा. रेड झाली आणि तो आला नाही, तर ते रॉकेट तुमचे. जो क्लॅन अनामत ठेवायला तयार होतो त्याच्यावर मी विश्वास ठेवतो. जो म्हणतो "आमच्या शब्दावर भरवसा नाही का", त्याच्याशी बोलणं तिथंच थांबवा.

७. माल हातात द्यायला गेलो आणि त्यांनी मलाच मारून सगळं घेतलं. मग द्यायचं कुठं?

कुणाच्या दारात जाऊन हातात देऊ नका आणि कुणाला तुमच्या दारात बोलावू नका. तुमच्या किंवा त्यांच्या भिंतीत ड्रॉप बॉक्स लावता येतो. बाहेरून माल आत टाकायचा, काढता येतो फक्त आतून. त्यांना ड्रॉप बॉक्स लावायला सांगा, पहाटे सर्व्हर शांत असताना टाकून या.

समोरासमोरच द्यायचं असेल तर आउटपोस्ट किंवा बँडिट कॅम्प. तिथं हत्यार काढणाऱ्याला तिथलेच पहारेकरी गोळ्या घालतात. पण हद्दीबाहेर पाऊल टाकलं की तो पहारा संपतो, आणि रस्त्यात दबा धरून बसणारे तिथंच बसतात. परत येताना अंगावर काही ठेवू नका.

८. ते म्हणतात, "टीसीवर ऑथ दे, दाराचा कोड दे, त्याशिवाय राखण कशी करणार?"

देऊ नका. सगळ्या उत्तरांतलं हे एक उत्तर पाठ करून ठेवा.

टीसी, म्हणजे टूल कबर्ड, हा बेसचा सात-बारा, आणि ऑथ म्हणजे त्यावर नाव लावणं. तिथं ज्याचं नाव लागलं तो तुमच्या जागेत बांधू शकतो, आणि बाकीच्यांची नावं पुसूही शकतो, तुमचंसुद्धा. मग तुमच्याच बेसमध्ये तुम्हाला साधी भिंत उभी करता येत नाही. राखण बाहेरून करता येते. रेडर बाहेरूनच येतो, त्याला बाहेरच गाठायचं असतं.

फारच अडलं तर बाहेरच्या कंपाउंडच्या फाटकापुरता गेस्ट कोड द्या. कोड लॉकमध्ये मुख्य कोड आणि गेस्ट कोड वेगळे असतात. गेस्टवाला दार उघडतो, कुलूप काढू किंवा बदलू शकत नाही. करार संपला की त्याच दिवशी कोड बदला. पूर्वी कोड टाकलेल्याला दार ओळखत असतं, नवा कोड टाकल्यावरच ती ओळख पुसली जाते. आणि त्यांची स्लीपिंग बॅग तुमच्या भिंतींच्या आत एक रात्रही ठेवू नका, मेल्यावर ते थेट तिथंच जागे होतील.

९. हरभऱ्याला ओलित सुरू आहे, लाइन रात्रीची. मी वावरात असतो तेव्हाच रेड पडते. काय करू?

हा प्रश्न दर रब्बीत येतो, आणि यात तुमचा काही दोष नाही. रस्टमध्ये तुम्ही बाहेर पडलात तरी तुमचं शरीर बेसमध्ये झोपलेलं असतं, आणि पेट्याही तिथंच. रेडरला हे ठाऊक असतं, म्हणून तो लोक झोपायची वेळ धरतो.

आपल्यासारख्यांना सगळ्यांत उपयोगी पडतं ते रस्टचं मोबाइल अॅप, रस्ट प्लस. बेसमध्ये स्मार्ट अलार्म लावा, त्याला माणूस जवळ आल्याचं ओळखणारा एचबीएचएफ सेन्सर जोडा, सोलर पॅनल आणि बॅटरीवर चालवा आणि अॅपशी पेअर करा. दारं टप्प्याटप्प्यानं वाढवताना हे काम पुढं ढकलू नका. मी बांधावर उभा असतो, सरीतून पाणी पुढं सरकत असतं, बॅटरीचा उजेड मातीवर असतो, आणि खिशात फोन थरथरतो. अलार्मचा मेसेज. मोटर सोडून लॅपटॉपपर्यंत पोचणं शक्य नसतं, पण राखणदाराला एका ओळीचा मेसेज टाकता येतो: "उत्तरेच्या फाटकावर आले." त्याला टीसी लागत नाही, कोड लागत नाही, फक्त तुमचा मेसेज लागतो. राखणीचा करार असाच बांधा: अलार्म माझा, धावणं तुझं, आणि वेळ ठरलेली, रात्री अकरा ते पहाटे पाच.

सेन्सर रानडुकरासाठी वाजत नाही, माणसासाठी वाजतो. पण वाटेनं जाणाऱ्यासाठीही वाजतो, म्हणून तो वाटेपासून आत लावा. नाहीतर तिसऱ्या रात्री राखणदार मेसेज बघायचं सोडून देतो.

१०. बारावीची परीक्षा आहे, महिनाभर खेळणार नाही. बेस राखणदारावर सोडून जाऊ का?

नका. टीसीत माल संपला की बेस आपोआप झिजायला लागतो, आणि टीसी भरायला त्याला आत घ्यावं लागेल, म्हणजे पुन्हा प्रश्न ८. शिवाय महिन्याच्या पहिल्या गुरुवारी सक्तीचा वाइप (नकाशा, बेस सगळं पुसून नवी सुरुवात) असतो, आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री साडेअकराला आणि हिवाळ्यात मध्यरात्रीनंतर साडेबाराला. महिनाभरानं परत याल तेव्हा तो नकाशाच नसेल. माल शेजाऱ्याला देऊन टाका आणि अभ्यास करा. पुढच्या वाइपला तोच शेजारी तुमच्या बाजूनं उभा राहील.

सोंगणी किंवा वेचणीच्या चार-पाच दिवसांसाठी मात्र राखण योग्य आहे. निघण्याआधी टीसी उघडून किती वेळ पुरेल ते बघा. स्टोरेज मॉनिटर जोडला तर तो आकडा फोनवरही दिसतो.

११. दोन क्लॅन दोन बाजूंनी मागतात. एकाला दिलं तर दुसरा चिडतो. दोघांना द्यावं का?

दोघांना दिलं तर राखण कुणाचीच मिळत नाही. हे वऱ्हाडानं एकदा भोगलेलं आहे. १७१९ मध्ये मराठ्यांना दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा मिळाल्या, त्यात वऱ्हाडचा सुभा होता. पुढं इथं निजाम आणि नागपूरकर भोसले या दोघांचाही अंमल चालायचा, त्याला दोअमली म्हणत. रयत दोन्हीकडे भरत राहिली. तरी पेंढारी आले की गावाला आपल्या गढीच्याच भिंतीआड लपावं लागायचं. १८१७-१८ च्या मोहिमेत पेंढाऱ्यांचा मोड झाला तेव्हा कुठं तो त्रास थांबला. वऱ्हाडातल्या कित्येक गावांत त्या पांढऱ्या मातीच्या गढ्या अजून उभ्या आहेत.

तेव्हा दोघांना एकच प्रश्न विचारा: "दुसऱ्यानं रेड केली तर तू त्याच्याशी लढशील का?" जो उघड हो म्हणतो आणि प्रश्न ६ ची अनामत ठेवतो, त्याला द्या. दोघंही टाळाटाळ करू लागले, तर दोघांनाही देऊ नका. गढीच उंच करा.

१२. वाइप जवळ आला की राखणदारच रेड करतात. असं का?

कारण तेव्हा त्यांचं काही बुडत नाही. वाइपला सगळंच जाणार असतं, तुमच्याकडून पुढं मिळायचंही काही नसतं, आणि साठवलेले रॉकेट कुठंतरी वापरायचे असतात. चांगले म्हणवणारे क्लॅनसुद्धा शेवटच्या दोन-तीन दिवसांत शब्द मोडतात. त्या दिवसांचं काही देऊ नका, आणि मौल्यवान ते वापरून घ्या. वाइपनंतरचे पहिले काही तासही राखणीला काही देऊ नका, तेव्हा कुणाकडेच रॉकेट नसतात.

पुढच्या वाइपलाही तेच खेळाडू, त्याच नावानं भेटणार असतील, तर गोष्ट वेगळी. ज्याला आपल्या भागात नाव टिकवायचं आहे तो शेवटच्या दिवशीही शब्द पाळतो. म्हणून अनोळखी बलाढ्य क्लॅनपेक्षा ओळखीचा मध्यम क्लॅन मला कधीही बरा वाटतो.

१३. ते सल्फर नको म्हणतात, यूपीआयवर शंभर रुपये मागतात. शंभरच आहेत, देऊ का?

देऊ नका, दहाही नाही. गेमचा माल गेला तर वाइपला सगळ्यांचाच जातो. रुपये गेले ते घरातून गेले. लहान पोरं बापाच्या फोनवरून पाठवतात, आणि ते खातं बहुधा तेच असतं ज्यात कापसाचा चुकारा जमा झालेला असतो. एकदा शंभर पाठवणाऱ्याला पुढच्या आठवड्यात तीनशे मागतात.

आणखी एक धोका असतो. "तुझी रेड झाली, पैसे परत करतो, क्यूआर स्कॅन कर आणि पिन टाक" असं सांगतात. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे तुमचे जाणार. गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

"तू तीन महिन्यांची राखण उधार घेतली, आता वसुली दे" असं अठराच्या आतल्या मुलाला म्हणत असतील, तर त्यानं घाबरू नये. १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार अल्पवयीन व्यक्ती करार करायला पात्रच नसते. आणि स्टीम अकाउंटचा पासवर्ड "राखणीसाठी" मागणाऱ्याला तर तत्काळ ब्लॉक करा.

१४. "तुझं गाव माहीत आहे", "फोटो पाठव, मग बेसला हात लावत नाही." असे मेसेज येतात.

इथं खेळ संपला. हा माणूस खेळाडू नाही. उत्तर देऊ नका, मेसेज पुसू नका. स्क्रीनशॉट काढा, त्यात समोरच्याचं नाव आणि वेळ दिसली पाहिजे. घरातल्या मोठ्या माणसाला दाखवा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टलवर किंवा जवळच्या ठाण्यात तक्रार द्या. मुलींकडून हा प्रश्न आला की सोबत नेहमी एक ओळ असते: घरी कळलं तर लॅपटॉप काढून घेतील. आई-बाबांनो, काढून घेऊ नका. तिनं सांगितलं हेच तिनं सगळ्यांत बरोबर केलं. लॅपटॉप गेला तर पुढच्या वेळी ती सांगणार नाही.

१५. रेड करणारा माझा मामेभाऊच निघाला. आता खंडणी द्यायची की मामाला सांगायचं?

दोन्ही नको. त्याला फोन करा आणि एकाच टीममध्ये या. टीममध्ये साधारणपणे आठ जण बसतात, जागा असते. पोळ्याला एका पंगतीत बसणाऱ्यांनी एकमेकांच्या पेट्या फोडण्यात काही मजा नाही. त्याला वेगळंच खेळायचं असेल, तर आपसात रेड नाही एवढं ठरवा. नात्यातल्या शब्दाला अनामत लागत नाही.

१६. काहीच न देता राखण मिळू शकते का?

मिळते, आणि हीच मला सगळ्यांत पसंत आहे. आजूबाजूचे चार-पाच लहान बेस मिळून ठरवा: कुणावरही रेड पडली की जे ऑनलाइन असतील ते सगळे निघतील. माल कुणी कुणाला द्यायचा नाही. ज्याची रेड परतवली त्यानं खर्च झालेल्या गोळ्या भरून द्यायच्या. इथं सगळेच रेडचे गिऱ्हाईक असल्यामुळे शब्द मोडण्यात कुणाचाच फायदा नसतो. मर्यादेच्या सर्व्हरवर मात्र प्रश्न ३ लागू होतो.

१७. आर्क किंवा माइनक्राफ्टमध्येही हेच लागू होतं का?

आर्कमध्ये मोठ्या ट्राइब (तिथले क्लॅन) लहानांकडून असंच मागतात. पण सर्व्हर चालवणाऱ्याला ऑफलाइन रेड संरक्षण चालू करता येतं, असा सर्व्हर शोधा. रस्टच्या काही मॉडेड सर्व्हरवरही ते असतं. माइनक्राफ्टच्या ज्या सर्व्हरवर जमीन क्लेम करता येते, तिथं क्लेम करा, राखणीची गरजच नाही. जो अॅडमिन हेच संरक्षण निवडक लोकांना पैसे घेऊन देतो, त्याचा सर्व्हर सोडा.

१८. राखणदार क्लॅन चांगला आहे, पण त्यांच्यातल्याच एकानं चोरून आमचा बेस फोडला. भरपाई कोण देणार?

क्लॅन. तुमचा सौदा क्लॅनशी होता, त्या पोराशी नाही. आधी रागानं लिहू नका. कुठली दारं फुटली, किती वाजता फुटली, पेट्यांत काय होतं, एवढं लिहून त्यांच्या म्होरक्याला पाठवा आणि एक दिवस द्या. चांगला म्होरक्या माल परत करतो किंवा त्या पोराला काढतो. तो "आमचा संबंध नाही" म्हणाला, तर अनामत ताब्यात घ्या, हप्ता बंद करा आणि बाकीच्या शेजाऱ्यांना घडलं तसं सांगा, वाढवून नाही. त्या पोराला क्लॅननं काढलं आणि आठवड्यानं तोच तुमच्या प्रश्न १६ च्या गटात यायला निघाला, तर त्याला घ्यायचं की नाही हे गटातल्या सगळ्यांना विचारून ठरवा, आणि घेतलंच तर एक वाइप त्याला कुणाच्याही दाराचा कोड देऊ नका.